शंकरपाळीला दोन वाटा

घरात बटण दाबले की दिवा लागतो. बटणातून वीज गेली, दिव्यात पोचली, काम झाले. पण बटण आणि दिवा यांच्यामध्ये मायक्रोकंट्रोलर बसवला की मामला बदलतो. मग बटण दिव्याला हुकूम देत नाही, ते नुसती खबर देते. त्या खबरीचे काय करायचे, हे आपण मायक्रोकंट्रोलरला आधी शिकवून ठेवावे लागते.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका काळ्या चिपमध्ये मावणारा छोटा संगणक. २००५ साली इटलीत सुरू झालेल्या आर्डुइनो कार्डावर तो बसवलेला मिळतो. २०१६ पासून शाळांमधून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या, तिथे मुले असली कार्डे हाताळतात. तुमच्या लेकाने किंवा लेकीने घरी हा विषय काढला, तर "आपल्याला काय कळतंय त्यातलं" म्हणून उठू नका. यातले निम्मे काम कागद-पेन्सिलीचे आहे आणि रोजची कामे ओळीने लावणाऱ्या माणसाला ते चांगले जमते.

कागदावरच्या या आकृतीला फ्लोचार्ट म्हणतात. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन नवरा-बायकोने १९२१ साली कामाचे टप्पे असे चित्राने मांडून दाखवले. पुढे संगणकवाल्यांनी ही रीत उचलली. तिचे नियम थोडे आहेत. सुरुवात लंबगोलात लिहायची, करायचे काम चौकोनात, आणि प्रश्न शंकरपाळीच्या आकारात. पुढची वाट बाणाने दाखवायची. शंकरपाळीतून मात्र नेहमी दोन वाटा निघतात, एक 'होय'ची, एक 'नाही'ची.

आता बटण-दिव्याचा फ्लोचार्ट काढा. लंबगोलात 'सुरू'. खाली चौकोन: 'बटणाची खबर घे'. खाली शंकरपाळी: 'बटण दाबले आहे का?' होय, तर 'दिवा लाव'. नाही, तर 'दिवा विझव'. दोन्हीकडून बाण परत वर, 'खबर घे'कडे. हा फेरा मायक्रोकंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा मारतो.

नवशिके बहुधा 'नाही'ची वाट विसरतात. मग बटण दाबल्यावर दिवा लागतो तो लागतोच. माणूस असता तर म्हणाला असता, बटण सोडले, आता विझवू या. यंत्र तसे म्हणत नाही. सांगितले नाही ते ते करीत नाही.

दुसरी गंमत बटणाची. एकदा दाबले की लागावे, पुन्हा दाबले की विझावे, असे करायला गेलात तर दिवा कधी ऐकतो, कधी नाही. दाबताना बटणातल्या पत्र्या काही मिलिसेकंद थडथडतात. आपल्याला एक दाब वाटतो, यंत्र पाच-सात मोजते. यावर उपाय म्हणजे आणखी एक चौकोन: '५० मिलिसेकंद थांब', आणि मग पुन्हा तीच शंकरपाळी. अजून दाबलेले असेल तरच खरे मानायचे. त्यानंतर 'बटण सोडले का?' हेही विचारायचे, म्हणजे एक दाब एकदाच मोजला जातो.

हेच ज्ञान मोटारीला लावा. टाकीतला फ्लोट हेही एक बटणच. समजा, टाकी भरल्यावर त्याचा जोड मिटतो आणि मोटार बंद होते. ठीक चालेल. पण उंदराने तार कुरतडली तर? भरल्याची खबर येणारच नाही. टाकी वाहील, विहिरीचा तळ लागेल आणि पंप कोरडा फिरून जळेल. म्हणून जोडणी उलटी करा. पाणी कमी असताना जोड मिटलेला, टाकी भरली की उघडा. आता तार तुटली तर यंत्राला टाकी भरल्यासारखीच वाटेल आणि मोटार थांबेल. पाणी चढले नाही तर आपण बघायला जाऊ; मोटार तरी वाचेल.

दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर पुन्हा फसगत आहेच. त्यासाठी तिसरी शंकरपाळी घाला. टाकी भरायला नेहमी ४० मिनिटे लागत असतील, तर 'तास झाला का?' होय, तर मोटार बंद, आणि माणसाने येऊन पाहिल्याशिवाय पुन्हा सुरू नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. आर्डुइनोचे काम ५ व्होल्टचे, तर थ्री-फेज मोटारीची वीज ४०० व्होल्टच्या आसपास. दोघांची थेट गाठ घालायची नाही. मधे रिले आणि स्टार्टर हवा, आणि ती जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले काढू नका, आणि हाताने बंद करायचे बटण वेगळे राहू द्या. मुलांनी दिव्यावरच शिकावे.

मोटारीचे सामान आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी कागदाभोवती बसावे. एकेका शंकरपाळीवर बोट ठेवून विचारावे: होय झाले तर? नाही झाले तर? आणि खबरच आली नाही तर? तिन्हींची उत्तरे कागदावर सापडली, की मगच बाजाराला जावे.