गृहयंत्र-विचार : मोटारीचें पाणी जातें कोठें?

घागर गळूं लागली तर तिच्याखालीं ओल दिसते, आणि ओल दिसली म्हणजे डाख देणाऱ्यास बोलवावें हें घरांतील लहान मुलासही कळतें. परंतु दाराशीं उभ्या असलेल्या जुन्या मोटारींतील पाणी आठवड्यागणिक कमी व्हावें आणि खालीं फरशीवर थेंबाचाही माग नसावा, अशा वेळीं चांगलीं शिकलींसवरलीं माणसेंही गोंधळतात. मग एकजण म्हणतो रेडिएटर बदला, दुसरा म्हणतो इंजिन गेलें, आणि तिसरा रोज सकाळीं तांब्याभर पाणी ओतून विषय मिटवितो. या तिघांत तिसराच अधिक धोक्याचा. कारण रोग तसाच राहतो आणि त्याची खूण मात्र रोजच्या रोज पुसली जाते.

वाशीम येथील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचें उदाहरण घेऊं. तीन भावांचें एकत्र बिऱ्हाड, घरांत वृद्ध मातोश्री. डोळ्यांच्या औषधोपचारासाठीं त्यांना दरमहा अकोल्यास न्यावें लागतें. त्या सोयीकरितां चौदा वर्षांची, तीन मालकांच्या हातून फिरलेली एक पेट्रोल-मोटार त्यांनीं घेतली. थोड्याच दिवसांत तिचें पाणी कमी होऊं लागलें. एका मिस्त्रीनें रबरी नळ्या बदलल्या. दुसऱ्यानें रेडिएटर उतरवून दुरुस्त केला. तिसऱ्यानें 'हेड उघडावें लागेल' असें सांगून जो आंकडा उच्चारला, तो मोटारीच्या खरेदीच्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ जाणारा होता. घरांत सर्व दोष मात्र पुतण्याच्या माथीं आला, कारण गाडी बहुधा तोच चालवी. "काकाजी, मीं निघण्यापूर्वीं पाणी पाहिलें होतें हो," हें त्याचें म्हणणें कोणी ऐकून घेईना. पैशाची काळजी होतीच; पण मातोश्रींना त्या गाडींत बसवावें कीं नाहीं आणि मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हे दोन प्रश्न अधिक जड होते.

तेव्हां प्रथम या पाण्याचें काम काय तें पाहूं. इंजिनाच्या ओतीव लोखंडांत किंवा ॲल्युमिनियममध्यें पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. पंप त्यांतून पाणी फिरवितो. तें तापून रेडिएटरमध्यें येतें, तेथें वाऱ्यानें निवतें आणि पुनः आंत जातें. साधारण नव्वद अंशांच्या आसपास हें चक्र चालू राहतें. फोर्ड कंपनीच्या १९०८ सालीं निघालेल्या 'मॉडेल टी' मोटारींत अगदीं पहिल्या थोड्या गाड्या सोडल्या तर पंपही नव्हता. तापलेलें पाणी आपोआप वर चढे व निवलेलें खालीं उतरे, एवढ्यावर काम भागे. त्या काळच्या गाड्यांच्या पुढें कॅनव्हासची छागल लोंबकळत असे, आणि घाट चढतांना थांबून पाणी पाजणें हा प्रवासाचाच एक भाग होता. आजची मोटार अशी तहानलेली नसते. तिचें चक्र बंदिस्त असतें. चांगल्या स्थितींतील गाडींत महिनोन् महिने पाण्याची पातळी फारशी हलत नाहीं, म्हणून दर आठवड्यास ती उतरत असेल तर कोठें तरी वाट फुटली आहे असें निःशंक समजावें.

या बंदिस्तपणाचें मर्म रेडिएटरच्या झांकणांत आहे. गृहिणींना प्रेशर कुकरच्या शिट्टीचें कार्य नव्यानें समजाविण्याचें कारण नाहीं; तेंच तत्त्व येथें आहे. वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंचीवर असल्यानें तेथें उघड्या भांड्यांतील पाणी शंभर अंशांच्याही किंचित् आधींच, म्हणजे अठ्याण्णवच्या सुमारास उकळतें. परंतु झांकणाच्या स्प्रिंगनें जवळजवळ एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवला, तर तेंच पाणी एकशें पंधराच्या पुढें गेल्याखेरीज उकळत नाहीं. झांकणाचें रबर वाळलें किंवा स्प्रिंग ढिली पडली, कीं हा आधार जातो. पाणी लवकर उकळतें, बाजूच्या टांकींत लोटलें जातें आणि तेथून वाफ होऊन निघून जातें. मागें डाग राहत नाहीं. याच झांकणांत दुसरी एक छोटी झडप असते. इंजिन निवतांना टांकींतील पाणी ती परत आंत ओढून घेते. ती चिकटली तर टांकी भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा असतो. म्हणून ज्या गाड्यांत टांकी वेगळी आहे, त्यांत केवळ टांकीकडे पाहून समाधान मानूं नये. इंजिन पूर्ण थंड असतां झांकण काढून आंतही पाहावें. झांकण हा सर्वांत स्वस्त भाग, आणि बहुधा सर्वांत शेवटीं तपासला जाणारा!

वाशीम-अकोला रस्ता तर या रोगाची कसोटीच पाहणारा आहे. परततांना पातूर सोडलें कीं चढण लागते. मेडशीच्या रानांतून मालेगांवच्या पठारावर येईतों गाडीला खालच्या गिअरमध्यें ओढावें लागतें, आणि वैशाखांत बाहेरची हवाच चाळीस अंशांच्या वर असते. जिल्ह्यांतून जाणारा समृद्धि महामार्ग हा दुसऱ्या तऱ्हेची कसोटी. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरांचा सबंध मार्ग वाहता झाला. तेथें घाटाची चढण नाहीं, पण ताशीं शंभर-सव्वाशेंच्या वेगानें तासन् तास अखंड पळणें आहे. गांवांतल्या गांवांत कारंज्याच्या गुरुमंदिरापर्यंत निमूटपणें जाणारी जुनी गाडी अशा पल्ल्यावर आपलें गुपित उघड करते.

हें गुपित काढण्यास आम्हीं त्या कुटुंबास अवजार सांगितलें तें एक वही. टांकीवर पातळीपाशीं कागदाची चिकटपट्टी लावावी. रोज सकाळीं गाडी हलविण्यापूर्वीं, एकाच सपाट जागीं, थंड इंजिनावर पातळी पाहावी. रेडिएटर भरलेला आहे ना हेंही पाहावें. काल गाडी कोठें, किती व कोणत्या वेळीं गेली तें लिहावें, आणि पाणी घालावयाचेंच तर मापानें घालून तो आंकडा टिपावा. गाडीखालीं रात्रीं पुठ्ठ्याचा मोठा तुकडा पसरून ठेवावा. हें काम पुतण्यानें एकट्यानें न करतां धाकट्या काकांनीं बरोबर उभें राहून करावें, असेंही सुचविलें. त्याचें कारण यंत्रशास्त्रांतलें नव्हतें.

पंधरा दिवसांच्या टिपणांतून चित्र स्पष्ट झालें. बाजार, शाळा, स्टेशन अशा खेपांच्या दिवशीं पातळी रेसभरही हलली नव्हती. अकोल्याच्या दोन खेपांनंतर मात्र दुसऱ्या सकाळीं सुमारें अर्धा लिटर कमी भरलें. त्यांतली एक खेप थोरल्या काकांनीं स्वतः गाडी चालवून केली होती. पुठ्ठा दोन्ही वेळां कोरडाच. एवढ्यावरून रोगाचें नांव सांगतां येत नाहीं. परंतु इंजिन खूप तापलें व आंत पूर्ण दाब चढला म्हणजेच पाणी जातें, चालकाच्या हयगयीनें नव्हे, इतकें सिद्ध झालें.

पाणी जाण्याच्या वाटा मूळच्या तीनच. पहिली, बाहेर आणि दिसेल अशी. तिची चर्चा नको. दुसरी, बाहेरच पण न दिसणारी: गळती इतकी बारीक कीं तापलेल्या धातूवर थेंब पडतांच त्याची वाफ होते. अशा जागीं पाणी सुकून पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा राहतो, तोच शोधावा. पाण्याच्या पंपाच्या अंगास एक बारीकसें भोंक मुद्दाम ठेवलेलें असतें. आंतील सील झिजलें म्हणजे पाणी तेथून पाझरावें आणि मालकास सूचना मिळावी, ही त्यांतील योजना. पण पुष्कळ गाड्यांत तें भोंक पट्ट्याच्या आवरणामागें दडलेलें असल्यानें सूचना कोणास मिळतच नाहीं. याच वर्गांत हीटरची छोटी जाळी येते. वऱ्हाडांत मोटारीचा हीटर लावतो कोण? म्हणून तिचें स्मरण कोणास होत नाहीं. परंतु अनेक गाड्यांत पाणी तिच्यांतून सदैव फिरतच असतें. पुढच्या आसनाखालचा गालिचा ओलसर लागणें, कांचेवर आंतून तेलकट धुकें येणें, गाडींत गोडसर वास येणें या तिच्या खुणा. वातानुकूलन चालू असतां गाडीखालीं जें पाणी ठिबकतें तें हवेंतल्या ओलाव्याचें असतें. त्याला रंग व वास नसतो, त्याची धास्ती नको.

तिसरी वाट आंतली, आणि सर्वांस भय असतें तें हिचेंच. इंजिनाचा ठोकळा व वरचें हेड यांच्यामध्यें जी पातळ चकती असते तिला गॅस्केट म्हणतात. ती एका जागीं करपली कीं पाणी ज्वलनाच्या नळकांड्यांत शिरतें आणि धुराड्यावाटे वाफेच्या रूपानें जातें. डिझेल गाड्यांपैकीं बऱ्याच नव्या गाड्यांत धुराचा कांहीं भाग थंड करून परत इंजिनांत सोडण्याचें एक उपकरण असतें. तें आंतून फुटल्यासही पाणी असेंच गुप्त होतें. उन्हाळ्यांतही धुराड्यांतून बराच वेळ पांढरी वाफ येणें, थंड इंजिन सुरू करतांच दोन मिनिटांत वरची नळी दगडासारखी ताठ होणें, झांकण काढलेल्या रेडिएटरमध्यें बुडबुडे अखंड येत राहणें, चार स्पार्क प्लगांपैकीं एकच धुतल्यासारखा स्वच्छ दिसणें, हीं लक्षणें गॅस्केटकडे बोट दाखवितात. तेलाच्या झांकणास आंतून ताकासारखा फेंस आढळला तर मात्र लगेच घाबरूं नये. जी गाडी केवळ गल्लींतल्या गल्लींत फिरते, तिच्यांत पावसाळ्यांतल्या दमटपणानेंही तो जमतो.

या अनुमानांवर शेवटचा निकाल दोन परीक्षांनीं लागतो. थंड इंजिनावर, झांकणाच्या जागीं हातपंप बसवून झांकणावर लिहिला असेल तितकाच दाब द्यावयाचा आणि पाव तास कांटा पाहात बसावयाचें. दुसरीत रेडिएटरच्या तोंडावरील हवा एका निळ्या द्रवांतून ओढतात. ज्वलनाचा वायू पाण्यांत मिसळत असेल तर कर्बाम्ल वायूमुळें निळा रंग पिवळा होतो. हेड उघडण्याच्या खर्चापुढें या दोहोंचा खर्च कांहींच नव्हे. वाशीमच्या त्या गाडीचा द्रव निळाच राहिला. दाबाचा कांटा मात्र हळूहळू उतरला, आणि आरवून पाहतां पंपाच्या त्या भोंकाखालीं ओलसर रेघ व वाळलेला गुलाबी थर सांपडला. पंप व झांकण बदललें. हेडला कोणी हात लावला नाहीं. वही अद्याप चालू आहे आणि तींतील अक्षर आतां एकट्या पुतण्याचें आहे.

पंपाचें सील आधीं झिजलें कां, हेंही सांगितलें पाहिजे. मागच्या मालकांनीं विहिरीचें वा बोअरचें पाणी ओतलें असावें. आपल्याकडील काळ्या खडकांतलें पाणी बहुधा जड. बंबाच्या आंत जो पांढरा दगडी थर धरतो, तोच रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत धरतो, आणि गंज व क्षार यांची कचकच सील खरवडते. थंडी गोठविणारी नसतांना कूलंट कशाला, असें पुष्कळजण विचारतात. गोठण्याचें भय आपल्याला नाहींच. आपल्याला त्यांतील गंजरोधक द्रव्यें हवीं आहेत. गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचें कूलंट आणि विलवणित पाणी एवढेंच त्यांत जावें. रस्त्यावरचे जुने जाणते गळक्या रेडिएटरमध्यें मूठभर हळद टाकीत. हिंगोलीच्या बाजारांत हळदीला तोटा नाहीं हें खरें, आणि अडलेल्या वेळीं ती युक्ति घर गांठूनही देते. पण तो लगदा पुढें बारीक वाटा बुजवितो. बाटलींत मिळणाऱ्या गळतीरोधक औषधांचीही जात तीच. विकण्यापूर्वीं तीं ओतणारे लोक आहेत, म्हणून जुनी गाडी घेतांना रेडिएटरचें पाणी बोटावर घेऊन त्यांत राड किंवा कण आहेत काय तें पाहावें. आणि बोट लगेच साबणानें धुवावें.

कारण कूलंटांतील एथिलिन ग्लायकॉल हें विष आहे, आणि चवीला तें गोड आहे. थोडें पोटांत गेलें तरी मूत्रपिंडें निकामी होतात. गोडीमुळेंच लहान मुलें, कुत्रीं, मांजरें त्याला फसतात. उरलेलें कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलींत कधींही ठेवूं नये. काढलेलें जुनें कूलंट अंगणांत, गटारांत किंवा गोठ्याकडे न ओततां मिस्त्रीकडेच द्यावें. मुलानें चाखल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करीत न बसतां तडक रुग्णालय गांठावें.

प्रवासांत कांटा चढूं लागला तर वातानुकूलन बंद करून सुरक्षित जागीं कडेला उभें राहावें, इंजिन बंद करावें, माणसें उतरवावीं. पाऊण तास तरी झांकणास हात लावूं नये. आंतलें पाणी दाबाखालीं शंभर अंशांच्या वर असतें व झांकण सैल होतांच तोंडावर उसळतें. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास ओतीव धातू तडकतो. एक गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. उष्णता मोजणारें टोंक पाण्यांत बुडालेलें असेल तोंवरच कांटा खरें बोलतो. पाणी त्याच्याही खालीं उतरलें तर तें टोंक नुसत्या वाफेंत राहतें आणि चढलेला कांटा खालीं येतो. घाटांत चढलेला कांटा अचानक उतरला आणि गाडी मात्र ओढीनाशी झाली, तर "आतां निवली" असें समजून पुढें दामटूं नये. त्याच क्षणीं थांबावें.

पुढील अंकीं पाण्याच्या टांकीवरील विजेच्या पंपाविषयीं लिहूं.