गणपती गेले, दिवाळी यायची आहे. मधले सहा आठवडे मालवण रिकामं का राहतं?

मालवण : २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली. दिवाळी २० आणि २१ ऑक्टोबरला होती. या दोन सणांच्या मध्ये जवळपास सहा आठवडे आहेत. चाकरमानी मुंबईला परतले, घरं पुन्हा शांत झाली. पर्यटक मात्र दिवाळीची सुट्टी लागल्याशिवाय येणार नाहीत, असंच सगळे धरून चालतात. त्यामुळे तारकर्ली, देवबाग, वायरी भागातल्या अनेक खोल्यांना या दिवसांत कुलूप असतं.

खरं तर या दिवसांत येण्यासारखं खूप काही आहे. पावसाचा जोर ओसरतोय, डोंगर अजून हिरवे आहेत, मासेमारी सुरू झालीय, खोल्यांचे दर उतरलेले आहेत. मग माणूस का येत नाही? आणि तो आला नाही, तर नुकसान नेमकं कोणाचं?

कागदावर हंगाम सुरू झालेला आहे

किनाऱ्यावरच्या प्रवासी होड्या आणि जलक्रीडा दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. १ सप्टेंबरपासून पुन्हा परवानगी असते. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, म्हणजे ती त्याआधीच उठलेली असते. नियमाप्रमाणे पाहिलं तर सप्टेंबरात हंगाम चालू झालेला असतो.

पण समुद्र तारखा बघून चालत नाही. सप्टेंबरात लाटांचा जोर असतो, वारा फिरतो. एखाद्या दिवशी मालवण जेटीवरून किल्ल्याची होडी सुटते, दुसऱ्या दिवशी सुटत नाही. लांबून येणाऱ्याला हे आधी कळायची सोय नाही. कोल्हापूरहून चार-पाच तास गाडी चालवून आलेलं कुटुंब जेटीवर उभं राहून किल्ला नुसता बघून परत गेलं, तर ते पुढच्या वर्षी या दिवसांत येईल का? शिवाय चार नातेवाइकांना सांगेल ते वेगळंच.

आता ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात आपल्या जिल्ह्यातले दोन किल्ले आहेत, मालवणचा सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातला विजयदुर्ग. राजकोटावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला होता. तिथे मे २०२५ मध्ये नवा पुतळा उभा राहिला. वारसा यादीत नाव लागल्यानंतरचा पहिला हंगाम २०२५ साली सुरू झाला. लोक येणार, विचारणा वाढणार. प्रश्न इतकाच की ते सगळे दिवाळीच्या आठ दिवसांतच येणार, की आधीही येणार?

पाहुण्याला काय मिळतं, काय मिळत नाही

या दिवसांत मिळणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. किल्ल्यावर गर्दी नसते. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झालेलं हे बांधकाम निवांत बघता येतं. समुद्राच्या मधोमध असलेल्या दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींपाशी थांबून माहिती ऐकता येते. मे महिन्यात मागची रांग पुढे ढकलत असते, तेव्हा हे जमत नाही. बंदीनंतर बांगडा बाजारात येतो. खानावळीत जागा असते आणि वाढणाऱ्यालाही पाहुण्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो. आंबोलीचा घाट हिरवा असतो, ओढे वाहते असतात.

न मिळणाऱ्या गोष्टीही स्पष्ट सांगायला हव्यात. पाण्याखालचं बघायला येणाऱ्यांसाठी हे दिवस चांगले नाहीत. नद्यांचा गाळ समुद्रात आलेला असतो आणि पाणी गढूळ असतं. ते निवळायला नोव्हेंबर उजाडतो. ऑक्टोबरात दुपारी उकाडा असतो. संध्याकाळी विजांसह पाऊस कोसळू शकतो. कधी मोठं संकटही येतं. २०१९ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर अरबी समुद्रात 'क्यार' वादळ आलं. किनाऱ्यावर पाणी चढलं आणि कापणीला आलेलं भात आडवं झालं.

म्हणून 'बारा महिने या, सगळं चालू आहे' अशी जाहिरात करणं बरोबर नाही. किल्ला, जेवण, हिरवळ, शांतता यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर. स्कुबासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. इतकं सरळ सांगितलं तर येणारा माणूस फसला असं म्हणणार नाही.

न येण्याची कारणं

पहिलं कारण शाळा. दिवाळीच्या सुट्टीआधी सहामाही परीक्षा असते. मुलं असलेलं कुटुंब तेव्हा घर सोडत नाही. याला इलाज नाही. पण निवृत्त मंडळी, नवीन लग्न झालेली जोडपी, मित्रांचे गट, महाविद्यालयांच्या सहली यांना शाळेचं बंधन नाही. त्यांना खास बोलावण्याचा प्रयत्न मात्र फारसा दिसत नाही.

दुसरं कारण रेल्वे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक २०२५ साली २० ऑक्टोबरपर्यंत होतं. तोवर गाड्यांचा वेग कमी. मुंबई-मडगाव वंदे भारत २७ जून २०२३ पासून धावते आणि कणकवलीला थांबते. पण एरवी आठवड्यातून सहा दिवस असलेली ही गाडी पावसाळी वेळापत्रकात तीनच दिवस असते. म्हणजे गाड्या पूर्ववत होतात तेव्हा दिवाळी दारात असते आणि तिकिटं संपलेली असतात. चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, पण तिथल्या फेऱ्या कधी चालू, कधी बंद. महामार्गाचं आपल्या जिल्ह्यातलं काम आधी झालं. पण मुंबईहून येणाऱ्याला रायगड आणि रत्नागिरीतले रखडलेले टप्पे ओलांडूनच इथे यावं लागतं.

तिसरं कारण आपल्याच घरात आहे. सप्टेंबरअखेरीपासून हळवी भातं तयार होतात. खोल्या चालवणारं कुटुंब तेच, शेती करणारं कुटुंबही तेच. सकाळी कापणीला जायचं की पाहुण्यांना न्याहारी द्यायची? मनुष्यबळ नाही म्हणून अनेक जण खोल्या बंदच ठेवतात. हॉटेलवाल्याला ही अडचण नसते, म्हणून आलेला थोडाफार पाहुणा मोठ्या हॉटेलकडे जातो.

मे महिन्याच्या गर्दीची किंमत

वर्षाची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे अशा तीन झुंडींवर सोडली की ओझंही त्याच दिवसांवर पडतं. मालवण शहराची लोकसंख्या २० हजारांच्या आतली. मे महिन्यात विहिरींची पातळी खाली गेलेली असते, खाडीकाठी काही ठिकाणी पाणी मचूळ झालेलं असतं. नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त पाणी लागतं. कचरा तेव्हाच, वाहतुकीची कोंडी तेव्हाच.

होड्यांचंही तसंच. हंगाम २५ मे रोजी बंद होणार म्हणून शेवटच्या दिवसांत शक्य तेवढ्या फेऱ्या मारायची घाई असते. २४ मे २०२२ रोजी, हंगाम संपायला एकच दिवस उरला असताना, तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटली. होडीत २० पर्यटक होते, दोघांचा जीव गेला. गर्दी आणि घाई एकत्र आली की धोका वाढतो, हे समजायला आणखी कोणत्या अहवालाची गरज नाही.

शिवाय आता मे महिन्याचाही भरवसा राहिलेला नाही. २०२५ साली मान्सून २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला. त्याआधी काही दिवस पाऊस झोडपतच होता. शेवटच्या आठवड्याच्या कमाईवर ज्यांचा हिशोब होता, त्यांचा तो हिशोब पाण्यात गेला. २०२१ साली 'तौक्ते' वादळही मे महिन्याच्या मध्यालाच आलं होतं.

एका घराचा हिशोब

समजा एका कुटुंबाने १० लाखांचं कर्ज काढून तीन खोल्या बांधल्या. व्याज १० टक्के, मुदत सात वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे १६ हजार ६०० रुपये, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या आसपास.

आता गर्दीच्या ४५ रात्री तिन्ही खोल्या २ हजार रुपये दराने भरल्या असं धरलं, तर वर्षाचे २ लाख ७० हजार येतात. हप्ता गेल्यावर उरतात ७० हजार. त्यातून वीज, धुलाई, रंगरंगोटी, मदतनीसाची मजुरी आणि मोबाईलवरून बुकिंग देणाऱ्या कंपनीचं कमिशन. घरात काय राहिलं, ते ज्याचं त्याला माहीत.

याच कुटुंबाने या सहा आठवड्यांत फक्त २० रात्री दोन खोल्या १,२०० रुपयांनी दिल्या, तर ४८ हजार रुपये येतात. जवळपास तीन महिन्यांचे हप्ते सुटतात. आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले घालून बघावेत. हप्ता बारा महिने आणि धंदा दीड महिना, हे गणित मात्र बहुतेक घरांत सारखंच निघेल.

यातला पैसा फक्त मालवणात राहत नाही. कुडाळ आणि कणकवली स्टेशनचे रिक्षावाले, भाजी-अंडी पुरवणारे शेतकरी, कोकम आणि काजू विकणारे बचत गट, दशावतारी मंडळं, सगळ्यांना पाहुणा थोडा-थोडा देऊन जातो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून मागच्या तालुक्यांची तक्रार एकच आहे की पर्यटन किनाऱ्याच्या पुढे सरकत नाही. गर्दीच्या दिवसांत पाहुणा किनारा सोडत नाही. निवांत दिवसांत आलेला माणूस आंबोलीलाही जातो, विजयदुर्गलाही जातो.

करता येण्यासारखं काय आहे

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गरजेची गोष्ट म्हणजे रोजची माहिती. उद्या सकाळी किल्ल्याची होडी सुटणार की नाही, समुद्राला बावटा आहे की नाही, हे आदल्या संध्याकाळी एका ठिकाणी जाहीर झालं पाहिजे. बंदर विभाग, नगर परिषद आणि होडीवाले यांनी मिळून एक व्हॉट्सॲप चॅनेल चालवला तरी पुरे. खर्च जवळपास नाही.

दुसरं म्हणजे खोल्यांची पाळी. वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून ठरवलं की या आठवड्यात ही दोन घरं उघडी, पुढच्या आठवड्यात ती दोन, तर कापणीही होते आणि पाहुणाही परत जात नाही. न्याहारीचं काम बचत गटाकडे दिलं तर आणखी सोपं.

तिसरं, दर. गर्दीत दुप्पट आणि एरवी बंद, यापेक्षा मधल्या दिवसांचा ठरलेला, लिहून लावलेला दर असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. हॉटेलं याचा फायदा घेऊन दर उतरवतील. घरगुती निवासांना त्यांच्यासमोर टिकायचं तर स्वच्छता, जेवण आणि ठरलेला शब्द यावरच टिकावं लागेल.

महिलांच्या नावावर व्यवसाय असेल तर राज्याच्या 'आई' पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. अटी आहेत, त्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्याव्यात.

या दिवसांत येणाऱ्यांसाठी

जिल्ह्यातल्याच अनेकांनी किल्ला शाळेच्या सहलीनंतर पुन्हा पाहिलेला नाही. त्यांच्यासाठीही हे दिवस चांगले आहेत. निघण्यापूर्वी होडीची खात्री फोनवर करावी. किल्ला सकाळी करावा, कारण दुपारनंतर ढग जमतात. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नये आणि जागेपेक्षा जास्त माणसं घेतली तर उतरावं. लाटा जोरात असताना समुद्रात आंघोळीला उतरू नये, पाणी गुडघाभर दिसलं तरी. विजा चमकत असताना किनाऱ्यावर आणि तटावर थांबू नये.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असतात.  किनाऱ्यावरच्या गावांत तेव्हा रस्ता, गटार, दिवाबत्तीबरोबर होडीची रोजची माहिती आणि खोल्यांची पाळी हे दोन विषय मांडता येतील. दोन्हीला निधी लागत नाही, ठराव आणि थोडी एकी लागते. दिवाळीची गर्दी काही न करताही येईल. त्याआधीचे रिकामे दिवस मात्र गावालाच भरावे लागतील.