नामावळीबाहेरचे मूल

दिंडोरी तालुक्यातील आमच्या गावी, ओढ्याकाठी, माझ्या वडिलांची एक धाकटी बहीण पुरलेली आहे. तिचा मागोवा घेण्यासाठी मी नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. त्यांच्या नामावळीत सात पिढ्या सापडल्या; ती मात्र नव्हती. त्यात नवल नाही. गोदातीरी श्राद्धास आलेला यजमान पितरांची नावे सांगतो आणि तान्ह्या मुलाचे श्राद्ध नसते.

ती सापडली सरकारी दप्तरात, गाव नमुना १४ मध्ये, म्हणजेच कोतवाल बुकात. बापाचे नाव, जात, तारीख, कारण 'ताप'; आणि नावाच्या जागी केवळ 'मुलगी'!

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा याच जीर्ण वह्यांना एकाएकी मोल आले. जे मूल नावापुरतेही जगले नाही, त्याच्या नोंदीवर आज नातवंडांचा दाखला उभा राहू शकतो.

अर्भक मृत्युदर म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बालके, असे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु ज्याचा जन्मही नोंदला नाही आणि मृत्यूही नाही, ते मूल गावाच्या हिशेबात येतच नाही. गाव मात्र निरोगी दिसते.

१९६९ च्या कायद्याने २१ दिवसांत नोंद बंधनकारक आहे. नाव ठेवलेले नसले तरी जन्म नोंदता येतो. शासनाने जुन्या वह्या जपाव्यात हे खरेच. पण नवी ओळ लिहवून घेणे हे कुटुंबाचेच कर्तव्य होय.