पाळत ठेवून घटस्फोट मिळत नाही

बोईसरमध्ये एक सल्ला सध्या फार आत्मविश्वासाने दिला जातो. जोडीदाराचं बाहेर काही आहे असा संशय आला की वर्षभर काही दाखवू नका, नेहमीसारखा संसार करा, तो किंवा ती झोपली की मोबाइल उघडा, मागे माणूस लावा. कोर्ट आता सगळा पुरावा घेतं. तारापूर एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या, आधीच मोडून आलेल्या माणसांच्या गळी हे उतरवणाऱ्यांची मला चीड येते.

‘नेहमीसारखा संसार करा’ यातच खटला बुडतो. दास्ताने विरुद्ध दास्ताने हा 1975चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलीच्या पहिल्या वर्गात शिकवतात. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी पत्नीची क्रूरता सिद्ध झाल्याचं मान्य केलं. तरीही पती हरला, कारण त्यानंतरही दोघं पती-पत्नी म्हणून नांदत राहिली, मूल झालं. म्हणजे त्याने ते माफ केलं, असं न्यायालयाने धरलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 मध्ये ही अट आजही आहे, आणि व्यभिचारालाही ती लागू आहे. सगळं कळूनही वर्षभर सुखी संसाराचा देखावा करणारा माणूस समोरच्या वकिलाच्या हातात आयता बचाव देतो. सल्लागार त्या दिवशी कोर्टात नसतो.

आणि ‘कोर्ट सगळं घेतं’? सर्वोच्च न्यायालयाच्या 14 जुलै 2025 च्या निकालात ग्राह्य धरलं गेलं ते पतीने पत्नीशी स्वतः केलेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग. तिच्या फोनमध्ये शिरण्याचा परवाना त्यात नाही. बेकायदा कॉल रेकॉर्ड मिळवल्याबद्दल 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांनाच अटक केली होती. मुलाची डीएनए चाचणी मागाल, तर पुण्याच्या एका दांपत्याच्या खटल्यात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली आहे.

व्यभिचार 2018 पासून गुन्हा राहिला नाही, म्हणून घटस्फोटाचं कारणही उरलं नाही, असं सांगणाऱ्यांशी मी पूर्वी भांडले आहे. त्यांचं म्हणणंही चूक होतं.

मग पुरावा किती आणि कसला लागतो? त्याच दास्ताने निकालाने सांगितलं की घटस्फोटाला फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही. शक्यतेचं पारडं झुकलं की पुरे. त्यासाठी दवाखान्याचे कागद, पोलिसांतल्या तक्रारीची प्रत, तुम्हाला स्वतःला आलेले मेसेज, बँकेचे उतारे आणि साक्ष द्यायला तयार असलेला शेजारी उपयोगी पडतात. मेसेजचा मूळ फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्राच्या वेळी तो लागू शकतो. आणि कळल्यावर थांबू नका. मागे माणूस लावण्याआधी पालघरला जाऊन वकील गाठा.