आरोग्यचिंतन : चेहऱ्यावरील लाली आणि औषधांचा विवेक

गाल, नाक, कपाळ व हनुवटी यांवर वारंवार चढणारी लाली, तीवर उठणाऱ्या पुटकुळ्या आणि त्वचेची आग ही लक्षणे तिशी उलटल्यावर दिसू लागली, की बहुतेक जण त्यांना उशिरा आलेल्या तारुण्यपीटिका समजतात. वैद्यकशास्त्रात या विकारास ‘रोझेशिया’ असे नाव आहे. तारुण्यपीटिकांत आढळणारे काळे ठिपके यात नसतात. सावळ्या वर्णावर लाली लपते, त्यामुळे आपल्याकडे निदानास विलंब होतो.

हा विकार समूळ घालविणारे औषध नाही. मात्र तो आटोक्यात ठेवता येतो. प्रत्येक औषधाचे कार्य निराळे आहे. पुटकुळ्यांसाठी मेट्रोनिडॅझोल, अ‍ॅझेलेइक आम्ल अथवा आयव्हरमेक्टिन यांचा लेप देतात. १ टक्का आयव्हरमेक्टिनच्या मलमास अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. पुटकुळ्या फार असल्यास डॉक्सिसायक्लिन पोटात देतात. येथे अल्प मात्रेतही ते दाह शमविते. जंतुनाश हा त्याचा हेतू नसतो. ब्रिमोनिडिनचा लेप लाली काही तासच दडवितो, आणि क्वचित ती नंतर अधिकच उसळते. फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर मात्र मलम चालत नाही. तेथे लेसरचा उपयोग होतो. लेपांचा पुरता गुण दिसण्यास सहसा ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरवड्यात निराश होऊन औषध सोडू नये.

खरा घात होतो तो स्टेरॉइडयुक्त मलमांनी. शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेले ‘गोरेपणाचे’ मलम चार दिवसांत लाली घालविते, म्हणून ते गुणकारी वाटते. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या उघड्या दिसू लागतात आणि मलम थांबविताच चेहरा पूर्वीहून अधिक पेटतो. मग तेच मलम पुन्हा लावले जाते. हे चक्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच मोडावे.

गरोदर व स्तनदा मातांनी आपली अवस्था डॉक्टरांना आधी सांगावी; गरोदरपणी डॉक्सिसायक्लिन सहसा वर्ज्य असते. डोळे चुरचुरत वा लाल होत असतील, तर नेत्रतज्ज्ञांस दाखवावे, कारण हा विकार डोळ्यांतही उतरतो. ऊन, चुलीची धग, कढत चहा, तिखट व मद्य यांपैकी आपणांस काय बाधते, याची नोंद ठेवावी. उन्हापासून रक्षण करणारे सौम्य मलम नित्य लावावे. चेहरा उजळविण्याच्या घाईपेक्षा त्वचा शांत ठेवण्याचा धीर अधिक मोलाचा आहे.