शीत छतांचा कस तिसऱ्या उन्हाळ्यात

तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये शीत छत धोरण जाहीर केले. २०२८ पर्यंत राज्यातील ३०० चौरस किलोमीटर छते उष्णता परावर्तित करणारी करायची, त्यांपैकी २०० चौरस किलोमीटर एकट्या हैदराबाद परिसरात, असे त्याचे उद्दिष्ट आहे. धोरणाचे यश क्षेत्रफळात मोजले जाणार आहे आणि नेमकी तिथेच मेख आहे.

मूळ तत्त्वाविषयी वाद नाही. पांढरा परावर्तक थर नवा असताना सत्तर ते ऐंशी टक्के ऊन परतवतो आणि खालच्या खोलीचे तापमान साधारणतः दोन ते पाच अंशांनी उतरते. हा लाभ मुख्यतः वरच्या मजल्याला मिळतो. त्यामुळे एकमजली वस्त्यांना तो सर्वाधिक.

प्रश्न टिकण्याचा आहे. वाहनांची काजळी आणि बांधकामांची धूळ यांमुळे पहिल्या वर्षातच परावर्तनाचा मोठा भाग गमावला जातो. सपाट गच्चीवर ही झीज अधिक होते. पाण्याला पुरेसा उतार दिलेला नसला की पावसाळ्यात डबकी साचतात, शेवाळ धरते, ते वाळून काळे पडते आणि थराचे पोपडे सुटतात. चुना सर्वांत स्वस्त, पण एक-दोन पावसाळ्यांत धुऊन जातो. रबरासारखा लवचिक लेप अधिक वर्षे टिकतो. मात्र आधी भेगा बुजवून पृष्ठभाग स्वच्छ केलेला हवा. छत धुतल्यास गेलेली चमक बरीच परतते. पण टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीने ऐन उन्हाळ्यात गच्ची धुवावी, ही अपेक्षा कागदावरच शोभते. चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची जुनी फरसबंदी या सर्वांहून टिकाऊ, परंतु जड आणि महाग.

नियमांची नजरही पहिल्या दिवसावरच आहे. देशाच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने शीत छतासाठी किमान ०.६० परावर्तन मागितले, तेही आरंभीचे. कॅलिफोर्नियाच्या संहितेत सपाट छतांच्या अनिवासी इमारतींसाठीचा ०.६३ हा निकष मात्र तीन वर्षे ऊनपाऊस सोसलेल्या थराचा आहे.

हा फरक सरकारी तिजोरीला आणि गरीब रहिवाशाला सारखाच भोवणारा आहे. थर काळवंडल्यावर पुन्हा लेप देण्याचा खर्च कोणी उचलायचा, हे आधीच ठरलेले नसेल, तर एकदा मोजलेले चौरस किलोमीटर नोंदीत पांढरेच राहतील. कंत्राटाच्या रकमेचा काही भाग राखून तो तिसऱ्या उन्हाळ्यात छतावरील परावर्तन मोजल्यानंतरच देणे अवघड नाही. त्यासाठी लागणारी उपकरणे गच्चीवर नेता येतात.