गोव्याहून पुण्याला घर हलवताय? मग बिअरच्या बाटल्यांचं काय करायचं?

समजा, तुम्ही चार वर्षं पणजीत नोकरी केली. या काळात बिअरचा छान संग्रह जमवला. त्यात बेल्जियमच्या काही बाटल्या आहेत, दोन-तीन वर्षं मुरत ठेवलेले स्टाउट आहेत आणि गोव्यातल्या छोट्या ब्रुअरींचे कॅन आहेत. एकूण चाळीसेक नग. आता पुण्यात बदली झाली आहे. अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर.

पहिली भीती वाटते ती बाटल्या फुटण्याची. पण भारतात ही भीती दुसऱ्या क्रमांकाची आहे. पहिली अडचण तपासणी नाक्यावर येते.

बिल असलं तरी अडचण का?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत आठव्या क्रमांकावर मद्याचा विषय आहे. उत्पादन, बाळगणं, वाहतूक, खरेदी, विक्री या सगळ्यावर कायदा करण्याचा अधिकार राज्यांचा आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हाही पिण्याचं मद्य त्याच्या बाहेर ठेवण्यात आलं. त्यामुळे मद्यावरचा कर प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं.

याचा अर्थ असा की गोव्यात घेतलेल्या बाटलीवरचा कर गोव्याला मिळालेला असतो. ती बाटली बांद्याच्या पुढे आली, की महाराष्ट्राच्या दृष्टीने ती कर न भरलेली बाटली ठरते. अशा अनेक बाटल्यांवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीत छापलेला असतो. बातम्यांमध्ये 'गोवा बनावटीची दारू जप्त' हे शब्द आपण नेहमी वाचतो, त्यामागचं कारण हेच.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ च्या कलम ६५ नुसार परवान्याशिवाय मद्य राज्यात आणणं, वाहून नेणं आणि बाळगणं हा गुन्हा आहे. ज्या वाहनातून ते नेलं जातं, ते वाहनही जप्त होऊ शकतं. तुम्ही संग्राहक आहात की तस्कर, हा प्रश्न नाक्यावर विचारला जात नाही. परवाना आहे की नाही, एवढंच पाहिलं जातं.

आता हा मुद्दा जास्त महत्त्वाचा का?

जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर, म्हणजे व्हिस्की-रमसारख्या प्रकारांवर, निर्मिती मूल्याच्या तिप्पट असलेलं शुल्क साडेचार पट झालं. ही वाढ प्रतिलिटर २६० रुपयांपर्यंत निर्मिती मूल्य असलेल्या मद्यासाठी आहे. बिअर आणि वाइनला या निर्णयातून वगळण्यात आलं.

मग बिअरवाल्यांनी काळजी का करायची? कारण दोन राज्यांतल्या किमतींमधली दरी वाढली, की तस्करीतला नफा वाढतो आणि सीमेवरची तपासणीही कडक होते. डिकी उघडणारा कर्मचारी तिथे व्हिस्की शोधत असला, तरी तुमची चाळीस बाटल्यांची खोकी त्याला दिसणारच.

रस्ताही बघून ठरवा

आपण जिथून निघतो आणि जिथे पोहोचतो, तेवढीच दोन राज्यं लक्षात घेतो. पण कायदा वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी लागू होतो.

पणजीहून चोर्ला घाटातून बेळगावमार्गे निघालात, तर मध्ये कर्नाटक लागतं. मुंबईहून दिल्लीला रस्त्याने जाताना तलासरी ओलांडली की दारूबंदी असलेलं गुजरात सुरू होतं. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे.

राज्याबाहेर न जाताही हा प्रश्न येतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूरहून मुंबईला येताना तो वर्धा जिल्ह्यातून जातो आणि वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीतही १९९३ पासून आहे. चंद्रपूरमध्ये २०१५ ला लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली.

विमानाने नेता येईल?

विमान सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली पेयं धोकादायक माल मानली जात नाहीत. २४ ते ७० टक्के असेल तर प्रवाशामागे ५ लिटरची मर्यादा आहे. ७० टक्क्यांच्या वर परवानगीच नाही. बिअर पहिल्या गटात येते.

पण यात एक गफलत होते. विमान कंपनीने बॅग स्वीकारली म्हणजे राज्याने परवानगी दिली, असं होत नाही. एक नियम उड्डाणाच्या सुरक्षेचा आहे, दुसरा राज्याच्या कराचा. शिवाय वजनाचंही बघावं लागतं. काचेची ६५० मिलीची भरलेली बाटली एक किलोच्या वर जाते. १५ किलोच्या बॅगेत जेमतेम डझनभर बसतात.

परदेशातून येताना प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. यात बिअर, वाइन आणि व्हिस्की असा फरक केलेला नाही. म्हणजे ३३० मिलीचे सहा कॅन घेतले की १.९८ लिटर झालं आणि तुमची सवलत संपली.

परवानगी मिळाली. आता बाटल्या कशा सांभाळायच्या?

बिअरचे शत्रू तीन: उष्णता, प्रकाश आणि धक्के.

उष्णता सगळ्यात वाईट. बिअर जितकी गरम, तितकी ती लवकर जुनी होते आणि तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. तापमान वाढलं की बाटलीतला वायूचा दाबही वाढतो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पारा ५० अंशांच्या वर जातो. म्हणून शक्यतो हिवाळ्यात आणि रात्री प्रवास करा. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा. एकदा थंड केलेली बिअर पुन्हा कोमट झाली की लगेच खराब होते, हा मात्र गैरसमज आहे. ती एकूण किती काळ गरम राहिली, हे महत्त्वाचं.

सूर्यप्रकाशाने हॉप्समधले घटक बदलतात आणि उग्र, नकोसा वास येतो. तपकिरी काच बरंच संरक्षण देते. हिरवी आणि पारदर्शक काच फारसं देत नाही. कॅनला हा धोकाच नाही.

बाटल्या उभ्याच ठेवा. बाटलीतच आंबवलेल्या बिअरमध्ये तळाशी यीस्टचा गाळ असतो, तो ढवळला जातो. वाइन शॉपमध्ये कप्प्यांची खोकी मागितली तर मिळतात. प्रत्येक बाटली बबल रॅपमध्ये किंवा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा. खोकं हलवून बघा. खणखण ऐकू आली तर अजून कागद भरा. घरी पोहोचल्यावर बाटल्या काही दिवस अंधारात, थंड जागी तशाच राहू द्या.

गंमत म्हणजे लांबच्या प्रवासाची आणि आपली ओळख जुनी आहे. इंग्लंडहून निघालेली पिंपं आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार-सहा महिन्यांनी मुंबईला पोहोचायची. तो प्रवास टिकावा म्हणून हॉप्स जास्त घालत. 'इंडिया पेल एल' या नावात तोच प्रवास आहे.

मग नेमकं काय करायचं?

ज्या जिल्ह्यात राहायला जाताय, तिथल्या राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयात आधी लेखी विचारा. बाटल्यांची यादी आणि बिलं सोबत जोडा. उत्तर लेखीच घ्या. पॅकर्स-मूव्हर्सच्या सामानात गुपचूप बाटल्या घालू नका. पकडलं गेलं तर ड्रायव्हरही अडकतो, आणि त्या बिचाऱ्याला खोक्यात काय आहे हे माहीतही नसतं.

परवानगी मिळालीच नाही तर? आयपीएसारख्या ताज्या प्यायच्या बिअर तशाही मुरत ठेवण्यात अर्थ नसतो. निघण्याआधी मित्रांना बोलवा आणि संपवा. रिकाम्या बाटल्या, लेबलं आणि बुचं बिनधास्त न्या. रिकाम्या बाटलीला परवाना लागत नाही, आणि फडताळात ती भरलेल्या बाटलीइतकीच छान दिसते.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.)